धर्मग्रंथावर सरकारी शिक्का कशासाठी?

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या विधिमंडळाने २०२४ साली दहा पुस्तकांना राज्याची अधिकृत पुस्तके म्हणून मान्यता देणारा कायदा केला. या यादीत जॉर्ज वॉशिंग्टन यांचे राष्ट्राध्यक्षपद सोडतानाचे निरोपाचे निवेदन आहे, अमेरिकन लोकशाहीवरील तोकव्हिल या फ्रेंच विचारवंताचा विख्यात ग्रंथ आहे, गुलामगिरीतून आलेल्या एका कुटुंबाची कहाणी सांगणारे अ‍ॅलेक्स हेली यांचे ‘रूट्स’ आहे आणि डॉली पार्टन या लोकप्रिय गायिकेचे मुलांसाठी लिहिलेले पुस्तकही आहे. या पंगतीत बायबललाही पाट मांडून देण्यात आला. मात्र ते कोणतेही बायबल नव्हे. १७८२ साली फिलाडेल्फियात रॉबर्ट एटकेन या मुद्रकाने छापलेली विशिष्ट आवृत्ती होय. धर्मग्रंथ म्हणून नव्हे तर ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून तिची निवड झाली, असे समर्थकांचे म्हणणे.

वरवर पाहता ही बाब क्षुल्लक वाटेल. अमेरिकेतील राज्यांना आपापली चिन्हे ठरविण्याची मोठी हौस आहे. टेनेसीचा राज्यप्राणी रॅकून, राज्यपक्षी मॉकिंगबर्ड, राज्यफळ टोमॅटो आणि राज्यपेय दूध! या लांबलचक यादीत आणखी दहा पुस्तकांची भर पडली तर बिघडले काय, असा प्रश्न सात समुद्रांपलीकडच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. परंतु या यादीला पूर्वेतिहास आहे. तो नीट तपासला म्हणजे ध्यानात येते की, आठ वर्षांपूर्वी ज्या पाहुण्याला पुढच्या दाराने प्रवेश मिळाला नव्हता, त्यालाच या खेपेस नऊ सोबत्यांच्या गर्दीत मिसळून मागच्या दाराने आत घेण्यात आले. आणि ज्या सभागृहांनी हे दार उघडले, त्याच सभागृहांच्या दारात टेनेसीच्या गरिबांचे काही प्रश्न वर्षानुवर्षे तिष्ठत उभे आहेत.

पुढचे दार आणि मागचे दार

२०१५ साली टेनेसीच्या प्रतिनिधिगृहात बायबललाच राज्यग्रंथ घोषित करणारे विधेयक आले. जेरी सेक्स्टन हे त्याचे प्रवर्तक. राज्याच्या महाअधिवक्त्यांनी स्पष्ट मत दिले की, असा कायदा संघराज्याच्या घटनेशी तर विसंगत ठरेलच, शिवाय टेनेसीच्या स्वतःच्या घटनेचाही तो भंग करील; कारण कोणत्याही धर्मसंस्थेला किंवा उपासनापद्धतीला कायद्याने अग्रक्रम दिला जाणार नाही, असे त्या घटनेच्या हक्कांच्या जाहीरनाम्यातच नमूद आहे. तरीही प्रतिनिधिगृहाने ५५ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक संमत केले. सिनेटने ते त्या वर्षी समितीकडे पाठवून बाजूला सारले. परंतु एप्रिल २०१६ मध्ये तेथेही १९ विरुद्ध ८ मतांनी ते पार पडले.

गव्हर्नर बिल हॅसलम यांनी मात्र नकाराधिकार वापरला. हॅसलम हे कोणी नास्तिक किंवा डावे नव्हेत. ते रिपब्लिकन पक्षाचे नेते आणि श्रद्धावान ख्रिस्ती गृहस्थ आहेत. सिनेटचे सभापती रॉन रॅम्झी हेही त्याच पक्षाचे, आणि त्यांचाही या विधेयकाला विरोध होता. हॅसलम यांनी दोन कारणे दिली. एक घटनात्मक: राज्याने एका धर्माचा ग्रंथ आपला म्हणणे घटनेला मान्य नाही. दुसरे श्रद्धेचे: जो ग्रंथ आपण पवित्र मानतो, त्याला केवळ ऐतिहासिक आणि आर्थिक महत्त्वाची वस्तू म्हणून गौरविणे म्हणजे त्याचे मोल कमी करणे होय. नकाराधिकार मोडून काढण्यासाठी ९९ सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात ५० मतांची आवश्यकता होती. बाजूने ४३ मते पडली, विरुद्ध ५०. विधेयक बारगळले. त्याच २०१६ साली टेनेसीत बनणाऱ्या एका शक्तिशाली रायफलला राज्यरायफल होण्याचा मान मिळाला, हा तपशील मात्र विसरण्याजोगा नाही. रॅकून आणि रायफल यांच्या रांगेत धर्मग्रंथाला उभे करणे त्या ग्रंथाला शोभते का, हा प्रश्न तेथील श्रद्धावंतांनाच पडला.

यातील दोन युक्तिवादांचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. प्रतिष्ठेचा युक्तिवाद भावनेला भिडणारा होता, पण त्याला वळसा घालणे सोपे होते. बायबलला रॅकूनच्या रांगेतून उठवून वॉशिंग्टन आणि तोकव्हिल यांच्या रांगेत बसविले की अवमूल्यनाची तक्रार आपोआप बोथट होते. २०२४ च्या कायद्याने नेमके तेच साधले. दरम्यान न्यायालयीन हवाही पालटली होती. शालेय फुटबॉल सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या एका प्रशिक्षकाच्या खटल्यात संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली जुनी कसोटी सोडून दिली आणि ‘इतिहास व परंपरा’ हा निकष पुढे केला. तेव्हापासून ज्याला धर्म सरकारदरबारी न्यावयाचा आहे, तो प्रथम त्याला इतिहासाचा अंगरखा चढवितो. समानतेचा युक्तिवाद मात्र असा चुकविता येत नाही. नऊ पुस्तके सोबत असोत वा नव्याण्णव, यहुदी, मुसलमान, हिंदू किंवा निरीश्वरवादी नागरिकाचा प्रश्न तोच राहतो: ज्या राज्याला आपण कर देतो, त्या राज्याने एकाच धर्माच्या पवित्र ग्रंथावर आपला शिक्का का मारावा?

कोणाचे बायबल?

इतिहासाचाच आधार घ्यावयाचा तर तो पुरता घ्यावा. एटकेनची आवृत्ती निघाली ती युद्धकालीन टंचाईतून. वसाहतींत इंग्रजी बायबल छापले जात नसे, ते इंग्लंडहून येई. स्वातंत्र्ययुद्धात ही आयात थांबली आणि एटकेनने छपाईचे धाडस केले. तत्कालीन काँग्रेसने आपल्या धर्मोपदेशकांकडून ते तपासून घेऊन त्याची शिफारस केली, हे खरे. परंतु काँग्रेसने त्याला राष्ट्राचा ग्रंथ म्हणून घोषित केले नाही. तह झाल्यावर स्वस्त विलायती प्रती पुन्हा येऊ लागल्या आणि बिचाऱ्या एटकेनला तोटा सोसावा लागला. त्यानंतर पाच वर्षांनी, १७८७ साली, त्याच फिलाडेल्फिया शहरात अमेरिकेची घटना तयार झाली. तिने कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची कसोटी लावण्यास मनाई केली. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने धर्मस्थापनेचा अधिकारच कायदेमंडळाकडून काढून घेतला. एटकेनचे बायबल हातात असलेल्या पिढीनेच हे केले. त्या पिढीतील व्हर्जिनियाच्या बाप्टिस्टांनी तर सरकारी चर्चचा जाच स्वतः सोसला होता आणि धर्म व राज्य यांच्या फारकतीसाठी जेफरसन व मॅडिसन यांना बळ दिले होते. आज टेनेसीत बाप्टिस्टांची संख्या मोठी आहे. आपल्या पूर्वजांचा हा वारसा त्यांच्यापैकी किती जणांना आठवतो, हा वेगळा प्रश्न.

शिवाय ‘बायबल’ म्हणजे एकच एक पुस्तक नव्हे. एटकेनची प्रत प्रोटेस्टंट परंपरेतील, किंग जेम्स पाठाची. कॅथलिकांच्या बायबलमध्ये काही अधिक ग्रंथ आहेत, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चची यादी आणखी वेगळी, आणि यहुद्यांच्या पवित्र ग्रंथात नवा करार नाहीच. राज्य जेव्हा एका प्रतीवर बोट ठेवते तेव्हा ते इतिहासाचा गौरव करीत असल्याचा कितीही आव आणो, एका पंथाचा पाठ प्रमाण आणि इतरांचा गौण असा निवाडा त्यात येतोच. या निवाड्याची किंमत काय असते, हे फिलाडेल्फियाला पुढे कळले. शाळेत कोणते बायबल वाचावे यावरून पेटलेल्या वादात १८४४ साली त्या शहरात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात दंगली उसळल्या, चर्च जाळली गेली, माणसे मेली. मारणारे आणि मरणारे दोघेही ख्रिस्ताचेच अनुयायी होते.

लुइझियाना राज्यात २०१४ साली असेच विधेयक आले तेव्हा हीच अडचण उभी राहिली. प्रवर्तकाने प्रथम राज्याच्या संग्रहालयातील किंग जेम्स पाठाची एक जुनी प्रत सुचविली. इतर पंथीयांना ते खटकेल असे दिसताच सर्वच बायबलांचा समावेश करण्यात आला. अखेर वाद वाढल्यावर त्याने विधेयकच मागे घेतले. एक प्रत निवडावी तर पंथभेद उफाळतो, सगळ्या प्रती घ्याव्यात तर धर्मभेद उरतोच. या कोंडीतून सुटण्याचा एकच मार्ग आहे. राज्याने ही निवड करण्याच्या फंदातच पडू नये.

फुकटचे पुण्य

लोकप्रतिनिधी हा खटाटोप का करतात? श्रद्धेपोटी, असे उत्तर द्यावयाचे तर २०१५ च्या विधेयकाचा मसुदाच आड येतो. जुन्या कुटुंबांनी जन्ममृत्यूच्या नोंदी बायबलच्या पानांवर ठेवल्या, हे एक कारण त्यात होते. दुसरे कारण असे की, नॅशव्हिल हे बायबल प्रकाशनाचे मोठे केंद्र असून हा कोट्यवधी डॉलर्सचा उद्योग राज्याच्या अर्थव्यवस्थेला हातभार लावतो. ज्या ग्रंथात देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही असा उपदेश आहे, त्याच्या गौरवासाठी त्याच्या खपाचा दाखला दिला जावा, यावर अधिक भाष्य नको.

खरे उत्तर अर्थशास्त्रातील एका साध्या विचारात आहे. कोणत्याही सभागृहाची खरी परीक्षा त्याच्या अंदाजपत्रकात होते. कोणाकडून घ्यावयाचे आणि कोणाला द्यावयाचे, हे ठरविताना प्रत्येक निर्णयाला किंमत पडते, कोणीतरी दुखावते, कोणाचे तरी हितसंबंध आड येतात. प्रतीकाला मात्र काहीच खर्च नाही. राज्यग्रंथ घोषित करण्यासाठी एक पैचीही तरतूद लागत नाही, कोणत्याही धनिकावर कर बसत नाही, कोणत्याही कारखानदाराला मजुरी वाढवावी लागत नाही. विरोध करणारा धर्मद्रोही ठरण्याच्या भीतीने गप्प बसतो, आणि समर्थन करणाऱ्याला पुढच्या निवडणुकीसाठी पुण्यसंचय करता येतो. असे फुकटचे पुण्य कोणता राजकारणी सोडील?

टेनेसीचा हिशेबच पाहावा. फेब्रुवारी २०१५ मध्ये, म्हणजे बायबलचे विधेयक प्रतिनिधिगृहात संमत होण्याच्या दोनच महिने आधी, याच हॅसलम यांनी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावून एक आरोग्ययोजना मांडली होती. सुमारे २ लाख ८० हजार अल्प उत्पन्नाच्या नागरिकांना तिने वैद्यकीय विम्याचे संरक्षण मिळाले असते. खर्चाचा किमान ९० टक्के भार केंद्र सरकार उचलणार होते आणि राज्याच्या वाट्याची रक्कम देण्याची हमी रुग्णालयांच्या संघटनेने दिली होती. सिनेटच्या समितीने ही योजना ७ विरुद्ध ४ मतांनी फेटाळली. सभागृहापर्यंत ती पोहोचलीच नाही. २०१० नंतरच्या काळात ग्रामीण टेनेसीतील डझनाहून अधिक रुग्णालये बंद पडली आहेत. आजाऱ्यांची शुश्रूषा हे ज्या ग्रंथाने ईश्वरसेवेचे रूप मानले, त्याला राज्यग्रंथ करण्यास सभागृहाला वेळ होता, आजाऱ्यांसाठी नव्हता.

कररचनेचीही तीच कथा. टेनेसीत वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही आणि २०१४ साली मतदारांनी संमत केलेल्या घटनादुरुस्तीने तो पुढेही बसविता येऊ नये अशी तजवीज झाली. तिजोरी भरते ती प्रामुख्याने विक्रीकरातून. सर्वसाधारण वस्तूंवर राज्याचा कर ७ टक्के, आणि किराणा व धान्यावरही ४ टक्के. त्यावर स्थानिक कर निराळा. ज्या घरात मिळकतीचा मोठा हिस्सा पोटावर खर्च होतो त्या घराला हा कर सर्वाधिक जाचतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. उलट २०२४ च्या ज्या अधिवेशनात दहा पुस्तकांचा गौरव झाला, त्याच अधिवेशनात कंपन्यांवरील फ्रँचाइज कराचा मालमत्तेवर आधारलेला भाग रद्द करण्यात आला. मागील भरण्यापोटी सुमारे दीड अब्ज डॉलर्स परत करण्याची तरतूद झाली आणि पुढे दरवर्षी सुमारे ४० कोटी डॉलर्सच्या उत्पन्नावर पाणी सोडण्यात आले. राज्याचा स्वतःचा किमान वेतनाचा कायदा नाही. ताशी सव्वासात डॉलर हा २००९ पासून जागचा न हललेला केंद्राचा दर, तोच काय तो आधार. संघटनेचे सदस्यत्व वा वर्गणी ही नोकरीची अट करता येऊ नये, हे कलम २०२२ साली थेट राज्यघटनेत नेऊन बसविण्यात आले.

धर्मग्रंथाचा शिक्का आणि हे निर्णय एकाच कटाचे भाग आहेत, असे म्हणण्याची गरज नाही. राज्यग्रंथाच्या बाजूने मत देणारे अनेक सदस्य मनाने प्रामाणिकही असतील. परंतु राजकारणात हेतूइतकाच परिणामही पाहावा लागतो. प्रतीकाच्या वादाने वृत्तपत्रांचे रकाने भरतात, आणि किराण्यावरील कर, बंद पडलेले रुग्णालय, ताशी सव्वासात डॉलरची मजुरी हे विषय पानाच्या तळाशी सरकतात. हा परिणाम ज्यांच्या पथ्यावर पडतो त्यांनी तो योजलेला असो वा नसो, किंमत मोजणारा एकच असतो.

नागपूर ते मेम्फिस

याचा अर्थ बायबलने टेनेसीच्या जीवनात काही केलेच नाही असा नव्हे. उलट फार मोठे कार्य केले आहे. पण ते सरकारचा हात धरून केलेले नाही. सरकारसमोर उभे राहून केलेले आहे. या इतिहासातील एक धागा महाराष्ट्राच्या मातीपर्यंत येतो.

जेम्स लॉसन हे मेथॉडिस्ट पंथाचे कृष्णवर्णीय तरुण. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला. सुटकेनंतर १९५३ साली ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले आणि सुमारे तीन वर्षे तेथे राहिले. येशूच्या प्रेमधर्माचे राजकीय रूप त्यांना गांधीजींच्या सत्याग्रहात सापडले. मायदेशी परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेत गेले आणि नॅशव्हिलमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी अहिंसक प्रतिकाराचे वर्ग चालविले. मार खाऊनही हात कसा उचलावयाचा नाही, याचा सराव चर्चच्या तळघरात होई. १९६० साली हे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत शांतपणे जाऊन बसले. लॉसन यांना विद्यापीठाने काढून टाकले. पण मे १९६० मध्ये नॅशव्हिलची उपाहारगृहे कृष्णवर्णीयांना खुली झाली.

पुढे १९६८ साली टेनेसीतल्याच मेम्फिस शहरात १,३०० सफाई कामगारांनी संप पुकारला. पावसाच्या आडोशाला कचऱ्याच्या गाडीत उभे राहिलेले दोन कामगार तिच्या यंत्रात चिरडून ठार झाले, हे त्याचे तात्कालिक कारण. लॉसन त्या वेळी मेम्फिसमध्ये धर्मोपदेशक होते आणि संपाच्या समितीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. ‘मी माणूस आहे’ एवढेच शब्द असलेले फलक गळ्यात अडकवून कामगार रस्त्यावर उतरले. लॉसन यांच्याच निमंत्रणावरून किंग तेथे आले आणि ४ एप्रिल १९६८ रोजी तेथेच त्यांची हत्या झाली. १६ एप्रिलला नगरपालिकेने कामगार संघटनेला मान्यता दिली. या संपाच्या सभा चर्चमध्ये भरत, भाषणांतील दाखले बायबलमधले असत. त्या बायबलवर कोणत्याही विधिमंडळाचा शिक्का नव्हता. सत्तेला खडसावण्याचे सामर्थ्य त्याच्या ठिकाणी आले, ते सत्तेचे मिंधेपण त्याने पत्करले नव्हते म्हणूनच.

आणि त्याच टेनेसीत सरकारने बायबलचा कैवार घेतला तेव्हा काय घडले? १९२५ साली मनुष्याच्या उत्पत्तीविषयी बायबलच्या कथनाला बाध आणणारा सिद्धान्त सरकारी शाळांत शिकविण्यास कायद्याने बंदी घालण्यात आली आणि डेटन गावच्या जॉन स्कोप्स या शिक्षकाला १०० डॉलर दंड ठोठावण्यात आला. शिक्षा पुढे तांत्रिक कारणावरून रद्द झाली, पण कायदा १९६७ पर्यंत पुस्तकात राहिला. या खटल्यात सरकारी पक्षाच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे एके काळी सावकार आणि मक्तेदार यांच्याविरुद्ध शेतकऱ्यांची बाजू लढविणारे नेते होते, हे समाजवाद्यांनी विशेष लक्षात ठेवावे. गरिबांचा कैवारीही एकदा श्रद्धेच्या रक्षणासाठी राज्याच्या दंडुक्याचा आधार घेऊ लागला की आपल्या आयुष्यभराच्या कार्याला कसा पारखा होतो, याचे ते उदाहरण आहे. इतिहासाने ब्रायन यांची शेतकऱ्यांसाठीची लढाई विसरली आणि डेटनचे न्यायालय तेवढे लक्षात ठेवले.

आपल्या घरची गोष्ट

टेनेसीच्या या कहाणीत भारतीय वाचकाला ओळखीचे चेहरे दिसल्यावाचून राहणार नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे टेनेसीतील विधेयकाच्या काही महिने आधी, तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी दिल्लीतील एका समारंभात भगवद्गीतेला राष्ट्रीय ग्रंथ म्हणून घोषित करण्याची मागणी उचलून धरली होती आणि आता केवळ औपचारिकताच उरली आहे, असे सुचविले होते. ती औपचारिकता पार पडलेली नाही. पण मागणी अधूनमधून डोके वर काढतेच.

या प्रश्नाचा विचार आपल्या घटना समितीने फार पूर्वी केला आहे. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामथ यांनी घटनेच्या उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी दुरुस्ती मांडली. कामथ हे पुढे समाजवादी चळवळीतील एक तेजस्वी संसदपटू म्हणून नावारूपास आले. त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. काँग्रेस समाजवादी गटातून आलेल्या पूर्णिमा बॅनर्जी यांनी त्यांना विनविले की, ईश्वरावर मतदान करण्याच्या अवघड प्रसंगात सभागृहाला टाकू नये. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी माणसाच्या अंतःकरणाशी निगडित असलेला विषय अशा रीतीने चर्चेस आल्याबद्दल खेद व्यक्त केला. तरीही मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. विरुद्ध मत देणाऱ्यांत ईश्वर मानणारे थोडे नव्हते. त्यांनी ईश्वर नाकारला नाही. आपली श्रद्धा दुसऱ्याच्या माथी मारण्याचा अधिकार तेवढा नाकारला. हॅसलम यांनी २०१६ साली जे केले ते या ६८ जणांनी ६७ वर्षे आधी केले होते.

गीतेचे महाराष्ट्रातील भाग्यही या संदर्भात आठवावे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सत्याग्रही बंद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या वेळी सरकार होते ते तुरुंगाच्या दारावर पहारा देत. ती प्रवचने पुढे देशभर पोहोचली, अनेक भाषांत गेली. त्यासाठी कोणत्याही राजपत्रात गीतेचे नाव छापावे लागले नाही. तीच गीता हृदयाशी धरणारे साने गुरुजी १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले. त्याच महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गीतेची आणि एकूण धर्मशास्त्रांची परखड चिकित्सा केली. गुरुजींची भक्ती आणि बाबासाहेबांची चिकित्सा या दोहोंना सारखीच जागा राहावी, यासाठीच राज्याने ग्रंथावर शिक्का मारता कामा नये. एकदा ग्रंथ राष्ट्रीय झाला की त्याची चिकित्सा राष्ट्रद्रोह ठरविण्यास कितीसा वेळ लागेल?

कार्यकर्त्यांचे काम

अशा प्रसंगी पुरोगामी मंडळींकडून एक चूक वारंवार घडते. धर्मग्रंथाला सरकारी मान्यता देण्यास विरोध करताना ते धर्मग्रंथाची आणि तो मानणाऱ्या सामान्य माणसाची टिंगल करू लागतात. प्रतिपक्षाला नेमके हेच हवे असते. मग प्रश्न राज्याच्या मर्यादांचा न राहता श्रद्धा विरुद्ध अश्रद्धा असा होतो, आणि त्या लढाईत रात्री पोथी वाचून निजणारा कष्टकरी आपल्याविरुद्ध उभा ठाकतो. टेनेसीत २०१६ साली विधेयक पडले ते श्रद्धावंत आणि समतावादी यांची मते एका बाजूला आली म्हणून. २०२४ साली तशी एकजूट पुरेशी उभी राहिली नाही.

म्हणून गावोगावच्या कार्यकर्त्याने हा विषय दोन अंगांनी मांडावा. वारकऱ्याला, मशिदीत जाणाऱ्याला, चर्चमध्ये प्रार्थना करणाऱ्याला सांगावे की, तुमच्या ग्रंथाचे रक्षण करण्यासाठीच तो सरकारच्या हाती जाऊ देऊ नका. आज जे सरकार शिक्का मारील, तेच उद्या कोणता पाठ शुद्ध आणि कोणता अर्थ ग्राह्य हेही ठरवील. आणि जो लोकप्रतिनिधी अशी मागणी घेऊन येईल त्याच्यापुढे हिशेबाची वही उघडावी. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर आहे काय? शेतमजुराच्या हाती किमान वेतन पडते काय? गरिबाच्या घासावर कर किती आणि कंपन्यांना सूट किती? या प्रश्नांची उत्तरे दिल्यावर ग्रंथाविषयी खुशाल बोलावे.

टेनेसीतूनच एक आशादायक वार्ताही आहे. चॅटनुगा शहरातील फोक्सवॅगन कारखान्याच्या कामगारांनी २०१४ साली ७१२ विरुद्ध ६२६ मतांनी संघटना नाकारली होती. एप्रिल २०२४ मध्ये, गव्हर्नरांचा उघड विरोध असताना, त्यांनीच २,६२८ विरुद्ध ९८५ मतांनी वाहन कामगारांच्या संघटनेचा स्वीकार केला. या कामगारांत रविवारी चर्चला जाणारे पुष्कळ असतील. त्यांनी आपली श्रद्धा सोडलेली नाही, आणि तिच्यावर सरकारचा शिक्का आहे की नाही याची वाटही पाहिली नाही. जून २०२४ मध्ये जेम्स लॉसन यांचे निधन झाले. त्यांनी नागपूरहून नेलेल्या शिदोरीची आठवण ठेवणाऱ्या प्रत्येकाला चॅटनुगाच्या या मतमोजणीने समाधानच वाटावे.